गोळी, शेक आणि पिशवी

आमच्या घरात दुखण्यावरच्या गोळीला एक अट होती: अगदीच सहन होईना, तर घे. दाढ दुखो, डोकं दुखो की पाळीत ओटीपोट पिळवटून निघो, अट तीच. बार्शीच्या घरात फडताळातल्या स्टीलच्या डब्यात मेफ्टाल-स्पासची पट्टी कायम असायची, त्यामुळे आई गोळी देत नव्हती असं म्हणता येणार नाही. फक्त ते 'अगदीच' यावं लागायचं. मी मोरीत भिंतीला टेकून बसले, दोनदा उलटी झाली, हातपाय गार पडले, की आई म्हणायची, "घे आता." ती गोळी निम्मी पुढच्या उलटीतच जायची. उरलेली पोटात राहिली तरी दुपारपर्यंत फरक म्हणून पडायचा नाही. त्यावरून घराने काढलेला निष्कर्ष असा, की गोळीने काही होत नाही, उगाच सवय तेवढी लागते.

पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर एका डॉक्टरबाईंनी माझ्याकडून ही सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "पाळी येणार हे तुम्हाला कधी कळतं?" मी म्हटलं, आदल्या संध्याकाळी कंबर भरून येते. "मग गोळी तेव्हा. जेवून. आणि पहिले दोन दिवस मी लिहून देते त्या वेळांना घ्यायची, दुखो न दुखो." इतकंच. इतकी वर्षं मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यामागचं कारण समजलं तेव्हा आईच्या अटीचा मला खरा राग आला. पाळीच्या वेळी गर्भाशयाचं अस्तर सुटतं, तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊन बाहेर पडतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला आवळायला लावतात. स्नायू इतका आवळला जातो की त्याचाच रक्तपुरवठा कमी पडतो, आणि ती कळ उठते. हीच द्रव्यं आतड्यालाही सोडत नाहीत, म्हणून त्या दिवशी जुलाब होतात, मळमळतं. 'पाळीत हिचं पोट बिघडतं, बाहेरचं खाते ना' असं ज्यांनी मला ऐकवलं, त्या सगळ्यांना हे वाक्य अर्पण. मेफेनॅमिक अॅसिड (मेफ्टालमधलं दुखणं थांबवणारं औषध ते हेच), आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनण्याची प्रक्रियाच रोखतात. पण जे आधीच बनून कामाला लागलं आहे, त्याचं ती फारसं काही करू शकत नाहीत. कळ ऐन भरात आल्यावर गोळी घेणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं.

यात नवीन काहीच नाही. पाळीच्या स्रावात स्नायू आकुंचित करणारं द्रव्य असतं, हे व्ही. आर. पिकल्स या शास्त्रज्ञाने 1957 मध्ये मांडलं. अॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवतात, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं, आणि 1982 मध्ये त्यांना इतर दोघांसोबत नोबेल मिळालं. मी मोरीत बसले होते ते याच्या पुष्कळ नंतर.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मेफ्टाल आपल्याकडे चिंचेच्या गोळीसारखी वाटली जाते. कॉलेजच्या पोरींच्या पाऊचमध्ये असते, ऑफिसात 'आहे का गं कुणाकडे' म्हटलं की तीन हात पुढे येतात. अॅसिडिटी-अल्सर असेल, किडनीचा त्रास असेल, अॅस्पिरिनने दमा उठत असेल, दिवस राहिल्याची शंका असेल, तर ती आपल्या मनाने घ्यायची नाही. उपाशीपोटी तर नाहीच. 2023 च्या शेवटी भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक अॅसिडबद्दल एक इशारा काढला: क्वचित काहींना त्याची गंभीर अॅलर्जी येते, अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी, आणि ती गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते. त्या आठवड्यात आमच्या बँकेच्या महिलांच्या ग्रुपवर नुसता गोंधळ उडाला होता. दोघीतिघींनी घाबरून गोळी बंद केली आणि पुढच्या महिन्यात रजा टाकून घरी पडून राहिल्या. पुरळ आलं तर लगेच बंद करून डॉक्टरकडे जा, इतका तो साधा निरोप होता.

आपल्याकडे गोळीची भीती कुठे संपते, हे मात्र गौरींच्या दिवसांत पाहावं. पोटात दुखतं म्हणून हार्मोनची गोळी म्हटलं की घरात सगळ्यांचे चेहरे पडतात. पोरीला पुढे मूल व्हायला अडचण येईल, वजन वाढेल, अंगावर लव येईल. पण ज्येष्ठागौरी घरी यायच्या आणि तारीख नेमकी तीच असली, की हीच मंडळी मेडिकलवाल्याकडून पाळी पुढे ढकलायची गोळी बिनदिक्कत आणतात, कुठल्याही चिठ्ठीशिवाय. मलाही माझ्या काकूने ती दिली होती, सवाष्ण जेवायला बसणार होती म्हणून. ती असते नॉरएथिस्टेरोन. म्हणजे हार्मोनच. शिवाय हेच औषध एंडोमेट्रिओसिसच्या उपचारातही वापरतात. सोवळ्यासाठी जे चालतं ते कळांसाठी चालत नाही. देवी ओटी भरून घेते, आणि बाईच्या ओटीपोटाचं काय, हा प्रश्न पंगत उठेपर्यंत कुणाला पडत नाही.

माझ्या बाबतीत वेळेवर घेतलेल्या गोळीने काही वर्षं चांगली गेली. मी सहकारी बँकेत आहे, आणि बराच काळ कॅश काउंटरवर काढला. तिथली अडचण तिथे बसणाऱ्यालाच कळेल. खिडकीबाहेर रांग, समोर पेन्शनची चोपडी धरलेले आजोबा, आणि दिवसाअखेर कॅश टॅली झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पॅड बदलायला उठायचं तर ड्रॉवरला कुलूप, कुणाला तरी बसायला सांगणं, आणि मागून शेरा. मी काळ्या रंगाचे कुडते घालायची. आमच्याकडे त्या वयाच्या सगळ्याच बायका महिन्यातले काही दिवस काळ्या, गडद निळ्या, गडद मरूनच दिसायच्या.

मग हळूहळू दुखण्याची तऱ्हा बदलली. आधी कळ पाळीसोबत यायची आणि दुसऱ्या दिवशी उतरायची. आता ती आठवडाभर आधीच येऊन बसू लागली. डाव्या मांडीतून खाली उतरायची. शौचाला बसलं की आत कुणीतरी सुरी फिरवावी तसं, आणि तेही फक्त त्या दिवसांत. नवऱ्यासोबतच्या जवळिकीतही दुखायचं. हे शेवटचं मी कुठल्याच डॉक्टरला आपणहून सांगितलं नाही आणि फार उशिरापर्यंत कुणी विचारलंही नाही.

त्याआधीची माझी डॉक्टरयात्रा थोडक्यात अशी. लग्नाआधी सोनोग्राफी झाली ती पोटावरून, भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून, कारण 'अनमॅरिड आहेत' म्हणून आतून तपासायचं नाही असा दंडक. रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट हातात आला की तुमचं दुखणं तुमच्या स्वभावात जमा होतं. एक डॉक्टर म्हणाले लग्न झालं की बरं वाटेल. लग्नानंतर दुसऱ्या म्हणाल्या एक मूल होऊ द्या. मूल झालं. दूध पाजत होते तोवर पाळी नव्हती आणि कळही नव्हती, त्यामुळे सासूबाईंनी 'म्हटलं नव्हतं का' असं म्हणूनही घेतलं. पाळी परत आली, तिच्या मागोमाग कळही आली.

शेवटी जिने ओळखलं त्या डॉक्टरने मला आधी तपासलंच नाही. एक कागद दिला आणि म्हणाली, दोन महिने लिहा. किती दुखलं याला दहापैकी मार्क द्यायचे नाहीत. काय करता आलं नाही, ते लिहायचं. मग मी लिहीत गेले: मुलाला उचलता आलं नाही. टॅलीच्या वेळी आकडे दोनदा चुकले. शौचाला जायचं टाळलं. भाजी फोडणीला टाकून गॅस बंद केला आणि आडवी झाले. तो कागद वाचताना मला पहिल्यांदा दिसलं, की माझा अर्धा महिना या दुखण्याच्या भोवती आखलेला आहे. 'सहन होतं' असं मी अगदी खरंच सांगत होते. सहन होतच होतं. कशाच्या बदल्यात, ते कुणी विचारत नव्हतं.

निघाला एंडोमेट्रिओसिस. डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, आणि आतडं मागच्या बाजूने चिकटलेलं. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजते आणि तिथे सूज, व्रण, चिकटणं सुरू होतं, असं या आजाराचं स्वरूप. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या सुमारे 10 टक्के, म्हणजे जगभरात 19 कोटी मुली आणि बायकांना तो असतो. साध्या सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही, पोटाच्या आतल्या पातळ आवरणावरचे बारीक ठिपके तर सहसा दिसतच नाहीत. म्हणून नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असा अर्थ निघत नाही. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे आजार किती पसरला आहे आणि दुखतं किती, यांचा मेळ लागत नाही. थोडासा असून एखादी लोळते, तर पुष्कळ असून एखादीला मूल राहत नाही म्हणून तपासल्यावरच पत्ता लागतो. पूर्वी दुर्बिणीने आत पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती अट सैल केली, आणि लक्षणांवरून, तपासणीवरून उपचार सुरू करायला मोकळीक दिली. वेळेच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

माझं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, गाठ काढली, चिकटलेलं सोडवलं. पुन्हा वाढू नये म्हणून रोज डायनोजेस्ट या हार्मोनची एक गोळी. या गोळीने पाळी बहुतेक बंदच होते. सुरुवातीचे काही महिने मधूनच डाग जातात, चिडचिड होते, मलाही झाली, नवऱ्याने ती निमूट सोसली असं तो सांगतो. आईला मात्र हे अजून पचलेलं नाही. "पाळी आलीच नाही तर आत घाण साठत नाही का?" असा तिचा प्रश्न. अस्तर बनतच नाही, तर साठणार काय, हे मी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. तिने चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "तरी पण."

माझ्या मैत्रिणीला गोळी सोसली नाही, तिला डॉक्टरांनी हार्मोन सोडणारं साधन गर्भाशयात बसवायला सांगितलं. तिच्या सासरी धुमश्चक्री. कारण 'तांबी' म्हटलं की सगळ्यांना आठवते ती कुटुंबनियोजनाची तांब्याची, जिने जास्त जायला लागतं आणि जास्त दुखतं. आणि ते खरंही आहे. तांब्याच्या साधनाने रक्तस्राव वाढू शकतो, हार्मोनच्या साधनाने तो कमी होतो, दोन्हींचा आकार तेवढा इंग्रजी टीसारखा. हे तिला दवाखान्यात कुणी सांगितलं नाही, शेजारच्या आशाताईंनी सांगितलं.

शेकाबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण शेक म्हटलं की सुशिक्षित लोक हसतात. 2001 मध्ये एक तुलनात्मक चाचणी झाली होती. ओटीपोटावर सुमारे 39 अंशांची ऊब तासन्‌तास टिकवणारा पट्टा लावलेल्या बायकांना आयब्युप्रोफेन घेतलेल्यांइतकाच आराम पडला. आजी विटेचा तुकडा चुलीत तापवून फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायची, ती अडाणीपणाची गोष्ट नव्हती. फक्त प्रमाण सांभाळायला हवं. मी रबरी पिशवीत उकळतं पाणी भरून वर्षानुवर्षं कातडीवर ठेवलं, आणि माझ्या पोटावर तांबूस-तपकिरी जाळीसारखे डाग उमटले, ते अजून गेलेले नाहीत. कोमटाहून थोडं गरम, मध्ये जाड कापड, आणि झोपताना काढून ठेवायची. बाकी ओव्याचं पाणी, बाळंतशोपा, हिंग घातलेलं ताक यांनी गॅस उतरतो, बरं वाटतं, जरूर घ्यावं. पण जास्त अंगावरून जात असेल तर 'गूळ खा' यावर थांबू नये. हिमोग्लोबिन तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं होतं. गुळातल्या लोहाने हे भरून येत नाही.

हल्ली एक नवीनच टूम निघाली आहे. पूर्वी बायकांना पाळीत बाजूला बसवायचे ते विश्रांतीसाठीच, असं सांगणारे व्हिडिओ येतात. मी आजीला विचारलं होतं एकदा. कावळा शिवला की तिने पाण्याला, देवाला, लोणच्याला शिवायचं नाही, झोपायला पोत्यावर. पण शेतात खुरपायला जायचं. तिथे विटाळ नव्हता. धान्य निवडायचं, गोधडी शिवायची. कामातून सुट्टी मिळाली ती फक्त स्वयंपाकघरातून, आणि तेही घरात दुसरी बाई होती म्हणून.

खरी सुट्टी मिळावी यासाठी कायद्याची वाट आहेच. बिहारने सरकारी नोकरीतल्या बायकांना महिन्याला दोन दिवसांची खास रजा 1992 मध्येच दिली. कर्नाटकाने 2025 मध्ये महिन्याला एक दिवसाची पगारी रजा जाहीर केली. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटलं, की सक्तीची रजा आली तर मालक बायकांना कामावर घ्यायचंच टाळतील. या भीतीत तथ्य आहे, पण ज्यांच्या नोकरीत रजा हा प्रकारच नाही त्यांच्यापर्यंत हा वाद पोचतच नाही. बीडहून दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडाकडे निघणाऱ्या जोडप्याला 'कोयता' म्हणतात, नवरा-बायको मिळून एक. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड 2019 च्या बातम्यांत 500 रुपये होता. पाल ठोकलेल्या रानात ना मोरी, ना पाणी. अशा ठिकाणी पाळी म्हणजे दंड, पांढरं जाणं म्हणजे दंड, ओटीपोटातली कळ म्हणजेही दंड.

त्यावरचा उपाय बीडच्या खासगी दवाखान्यांनी शोधला होता. 2019 मध्ये त्याच्या बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. देशभरात 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण साधारण 3 टक्के आहे. अनेकींना 'पिशवी सडली आहे, कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलं होतं.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली आहे. आपल्याकडे पाळीच्या दुखण्यावर दोनच उपचार घरोघर माहीत आहेत, सोसणं आणि पिशवी काढणं. वेळेवरची गोळी, शेक, हार्मोन, दुर्बीण, नुसतं नीट ऐकून घेणं, हा जो मधला सगळा मुलूख आहे, त्याचा नकाशाच बायकांच्या हातात दिलेला नाही. जिने निमूट सोसलं तिचं कौतुक होतं, आणि तिच सोसून थकली की तिला थेट टेबलावर घेतात. पिशवी काढणं कधीच नको असं मी म्हणत नाही. काहींना त्यानेच सुटका मिळते. पण तो रस्त्याचा शेवट असायला हवा, पहिलं वळण नव्हे.

माझी मावशी ऊस तोडायला कधी गेली नाही. बीडकडेच दिली आहे, थोडी शेती, घरचा किराणा. दोन मुलं झाल्यावर तिला फार जायचं, कळा यायच्या, आणि तिशीच्या आतच तालुक्याच्या एका दवाखान्यात पिशवी काढली. सोनोग्राफी एकदाच झाली होती. गेल्या वर्षी ती घरात साध्या फरशीवर घसरली आणि मनगट मोडलं. पुण्याला दाखवायला आणली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशनमध्ये अंडाशय ठेवले होते का? तिला प्रश्नच कळला नाही. पिशवी काढली, एवढंच तिला माहीत.

कागद मात्र तिने जपून ठेवला होता, रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, चौघडी घालून. डिस्चार्ज कार्डावर घाईच्या अक्षरात गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशय काढल्याचं लिहिलं होतं, इंग्रजी आद्याक्षरांत. खाली तिचा अंगठा नव्हे, सही. मावशी दहावी पास आहे. मी तिला सांगितलं, की अंडाशय गेले की हार्मोन जातात, पाळी जाण्याच्या वयात बायकांना जे होतं ते तुला तिशीच्या आतच झालं असणार, आणि हाडं तेव्हापासून ठिसूळ होत आली असणार.

ती बराच वेळ हिशेब लावत बसली. मग म्हणाली, "रात्री अंग भाजून निघायचं बघ. गादी ओली व्हायची. मला वाटायचं ताप उतरतोय. किती क्रोसिन खाल्ल्या असतील मी."

मी काही बोलणार, तोवर तिने कार्ड परत चौघडी घालून पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "ती हाडांची तपासणी कितीला होते? विचारून ठेव. आणि आमच्या जाऊबाईंची पण काढलीय, तिचा कागद मागून आणते."